रोजनामा: नाशिकच्या कोर्टाच्या इतिहासाचं काम

१० जानेवारी २०२६, शनिवार

दुसरा शनिवार, कोर्टाला सुट्टी. आवारात टाइपरायटरचीसुद्धा खटखट नव्हती. अशा दिवशीच या कामाला हात घालायचा असं ठरलं होतं.

काम असं: नाशिकच्या न्यायदानाच्या इतिहासावर चौदा फलक आणि एक नकाशा. आधी इथे लावायचे, मग जिल्ह्यातल्या कॉलेजांमधून फिरवायचे. आम्ही तिघं आहोत. मी चौदा वर्षं इथेच वकिली करते. शिरस्तेदार काका याच कोर्टातून निवृत्त झाले, मोडी घडाघडा वाचतात. तिसरी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, हाताने चित्रं काढते.

पहिल्याच बैठकीत वाद झाला. माझ्या कच्च्या आराखड्यात पहिला फलक मुंबई हायकोर्टाच्या इमारतीचा होता. काकांनी कागद बाजूला सारला. "वकीलबाई, नाशिकचा माणूस कोर्ट म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ती इमारत येत नाही. त्याला व्हरांडा दिसतो. नाव पुकारायची वाट बघत बसलेली माणसं दिसतात." मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिला फलक रिकामा ठेवलाय.

एक नियम मात्र तिघांनी मिळून केला. जे कागदावर आहे तेच छापायचं, ऐकीव गोष्ट कितीही गोड असली तरी बाहेर.

१३ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी काकांच्या घरी. फलक २ इंग्रजांच्या आधीच्या न्यायाचा.

रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण पेशवाईत गावच्या माणसाचा तंटा रामशास्त्रींपर्यंत क्वचितच जायचा. तो गोतात सुटायचा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावांची वतनदार मंडळी, अशी सभा बसायची. दोन्ही पक्ष आपापला करीना, म्हणजे आपली बाजू, लिहून द्यायचे आणि मग राजीनामा द्यायचे. इथे मी काकांना थांबवलं, कारण आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. तेव्हा त्याचा अर्थ सरळ होता: पंच जो निवाडा देतील त्याला आम्ही राजी आहोत, असं लिहून देणं. निवाडा मान्य असल्याची सही आधी, पुरावा मग. निवाड्याचा कागद म्हणजे निवाडपत्र किंवा मजहर, त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या. शेतकऱ्याची निशाणी नांगर, सुताराची किकरं-वाकस.

जिंकणाऱ्याने सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याच्या आनंदाची रक्कम, भरायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड. म्हणजे न्यायाचा पैसा दोन्हीकडून जायचा. पुरावा तुटपुंजा असला की दिव्य. उकळत्या तुपातून हाताने धातूचा तुकडा काढायचा, हात बांधून ठेवायचा, काही दिवसांनी उघडून बघायचा. याला रवादिव्य म्हणत. मुलीने विचारलं, "हे पण लिहायचं?" लिहायचंच. गोताचं कौतुक करताना तो भाजलेला हात झाकून चालणार नाही. शिवाय त्या सभेत बाईला किती जागा होती आणि गावकुसाबाहेरच्या माणसाचं म्हणणं कोण किती ऐकत होतं, हेही त्याच फलकावर यायला हवं.

पेशवाई गेल्यावर इथला कारभार पाहणाऱ्या एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ च्या अहवालात या पंचायतींची बाजू घेतली होती, त्या टिकवाव्यात असं त्याचं मत होतं. आठ वर्षांत त्याच्याच नावाची संहिता आली आणि कोर्टं उभी राहिली.

१८ जानेवारी, रविवार

निफाड. आज न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची जयंती. १८४२ साली ते इथे जन्मले, आपल्या जिल्ह्याचे.

पहाटे निघालो तेव्हा द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर दिसत होता. निफाडची थंडी यंदाही कडक आहे, घड फुगायच्या वेळी पारा उतरला की मणी तडकतात, म्हणून बागायतदार रात्रभर जागे असतात.

रानड्यांवर फलक करायचा तर काय घ्यायचं? समाजसुधारक रानडे शाळेच्या पुस्तकात आहेत. मला खालच्या कोर्टातले रानडे हवेत. १८७८ मध्ये पुण्याहून त्यांची नाशिकला बदली झाली आणि पुढच्याच वर्षी धुळ्याला. पुण्यातल्या सार्वजनिक सभेच्या कामामुळे सरकारची त्यांच्यावर नजर होती. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, तेव्हा तर ती आणखी तीक्ष्ण झाली. अशा काळात हा माणूस रोज सकाळी कोर्टात बसून सावकार आणि कुळांचे दावे ऐकत होता. १८७५ मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. खतावरचा आकडा काहीही असो, मूळ मुद्दल किती होतं ते कोर्टाने खोदून पाहायचं, हा त्या कायद्याचा गाभा. पुढे रानड्यांनी त्याच कायद्याखाली विशेष न्यायाधीशाचं काम केलं. काशिनाथ त्र्यंबक तेलंग गेल्यावर १८९३ मध्ये ते हायकोर्टात गेले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी वारले, तोवर त्याच पदावर होते.

हायकोर्टाचा जज्ज होण्याआधी वीसेक वर्षं माणूस मोफसलात, म्हणजे मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांत, असतो. त्याचा न्याय तिथे घडतो. फलक ५ चा मजकूर मी परतीच्या गाडीतच लिहिला.

२४ जानेवारी, चौथा शनिवार

जुन्या दगडी इमारतीची मापं आणि रेखाटनं. शेजारी नवी बहुमजली इमारत उभी आहे, तिथे लिफ्ट आहे, वकिलांना बसायला जागा आहे, पक्षकारांना सावली आहे. मला ती हवीच होती. जुन्या इमारतीवर जीव आहे म्हणून नव्या इमारतीला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पावसाळ्यात ओलं वकीलपत्र हातात धरून मी उभी राहिलेली आहे.

पण आज त्या मुलीने एक गोष्ट दाखवली, ती चौदा वर्षांत मला दिसली नव्हती. ती पायरीपाशी उकिडवी बसली आणि लाकडी फूटपट्टी आडवी धरली. पट्टीच्या दोन्ही टोकांना दगड टेकत होता आणि मधे पट्टीखाली फट. तिने त्यात तिची पेन्सिल सरकवली, ती सहज गेली. काळा पाषाण, तोही इतका झिजला. वर चढणारे पाय आणि उतरणारे पाय, सगळे मधूनच. मग तिने कठड्याच्या बाजूचा दगड दाखवला. तिथे झीज नव्हती, चकाकी होती. "ताई, इथे माणसं चढत नाहीत. इथे टेकून बसतात." हात फिरवला तर दगड मेणासारखा गुळगुळीत.

फलक १ सापडला. हायकोर्टाचं चित्र नाही, न्यायाधीशांच्या तसबिरी नाहीत. फूटपट्टी, पेन्सिल, पायरी.

काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मी तिथेच डबा खायचो."

१ फेब्रुवारी

फलक ३ आणि ४, कायद्यांच्या सनावळीचे. हे रुक्ष आहेत, पण त्यांच्याशिवाय पुढचं समजत नाही, म्हणून थोडक्यात.

मुंबई बेटावर मेयरचं कोर्ट, मग १७९८ चं रेकॉर्डरचं कोर्ट, मग १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट. ही सगळी बेटापुरती, राजाच्या सनदेची. आपल्याकडे मोफसलात कंपनीची अदालत, एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या संहितेची, मुन्सफ आणि सदर अमीन या खालच्या न्यायाधीशांची. दोन वेगळ्या व्यवस्था एकाच इलाख्यात. १८६२ च्या ऑगस्टमध्ये हायकोर्ट उघडलं तेव्हा त्या एकत्र आल्या. १८६९ हे साल मात्र मोठ्या अक्षरात घेतलंय, कारण त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. नाशिक नगरपासून वेगळं होऊन स्वतंत्र जिल्हा झालं, आणि मुंबई दिवाणी न्यायालये कायदा आला. आजही माझ्या दिवाणी दाव्याला कोणतं कोर्ट ते याच कायद्यावरून ठरतं, फक्त नावात आता महाराष्ट्र आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई. डब्यात नेहमीसारखेच दोन-तीन वकील, मांडीवर फाइली. धुळे, जळगाव, नगर यांचं अपील औरंगाबाद खंडपीठाकडे जातं, नाशिकचं मात्र अजून मुंबईलाच. त्यामुळे नाशिककराच्या न्यायाच्या वाटेवर कसाऱ्याचा घाट येतोच.

हायकोर्टाची इमारत किती वेळा पाहिली असेल, पण आज कामासाठी पाहिली. कर्नल जेम्स फुलरचा आराखडा, १८७१ मध्ये सुरुवात, १८७८ मध्ये पूर्ण, जानेवारी १८७९ मध्ये पहिलं कामकाज. ५६२ फूट लांब, १८७ फूट रुंद. मंजूर खर्च १६,४७,१९६ रुपये आणि प्रत्यक्षात लागले १६,४४,५२८. सरकारी बांधकाम अंदाजापेक्षा स्वस्तात झालं, हे काकांना सांगितलं तर त्यांनी आकडे दोनदा वाचून घेतले. माथ्यावर न्याय आणि करुणा यांचे पुतळे आहेत. २०१८ पासून ही इमारत जागतिक वारशाच्या यादीतल्या मुंबईच्या त्या सगळ्या समूहाचा भाग आहे.

मधल्या मोठ्या दालनाबाहेर टिळकांच्या शब्दांची शिला आहे. २२ जुलै १९०८ च्या रात्री ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवल्यावर टिळक जे बोलले ते. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांनी ती बसवली. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टाने आपल्या भिंतीवर आरोपीचं म्हणणं कोरावं, याचं मोल मला फार वाटतं. तिथे उभी राहिले की दर वेळी गळा भरून येतो, आजही आला.

मी आले होते ते मात्र नाशिकच्या खटल्यासाठी. आणि इथे माझी एक चूक दुरुस्त झाली. माझ्या मसुद्यात मी "नाशिकला खटला चालला" असं लिहून टाकलं होतं. चुकीचं. क्रम नीट लावते.

८ जून १९०९: गणेश दामोदर म्हणजे बाबाराव सावरकरांना नाशिकच्या सत्र न्यायालयात जन्मठेप, काळं पाणी, मालमत्ता जप्त. गुन्हा कवितांची लहानशी पुस्तिका प्रसिद्ध केल्याचा, कलम मात्र राजाविरुद्ध युद्धाचं. हा खटला नाशिकचा, इथे चालला, इथे निकाल लागला.

२१ डिसेंबर १९०९: विजयानंद नाट्यगृह, 'शारदा'चा प्रयोग, कलेक्टर जॅक्सनचा निरोप समारंभ. अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. इथून पुढे सगळं नाशिकबाहेर. १९०८ च्या कायद्याखाली हायकोर्टाच्या तीन न्यायमूर्तींचं विशेष न्यायासन, ज्युरी नाही, अपील नाही. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी. गुन्ह्यापासून फाशीपर्यंत चार महिनेही नाहीत. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. पाठोपाठ नाशिक कटाचा मोठा खटला, विनायक दामोदर सावरकरांसह अडतीस आरोपी, तोही मुंबईत.

गाव नाशिक, माणसं नाशिकची, खटल्याचं नावसुद्धा नाशिक, आणि निकाल ऐकायला नाशिककर हजर नाही. आपल्या गावात आपल्या माणसाचा न्याय होताना दिसणं ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच त्या सरकारला तो इथे होऊ द्यायचा नव्हता, असं मला वाटतं. फलकावर मात्र माझं मत नाही, फक्त तारखा.

१० फेब्रुवारी

कालच्यात एक भर. सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेयला बोटीतून उडी मारली, त्यांना फ्रान्सच्या भूमीवर पकडून परत बोटीवर चढवलं, ते कायदेशीर होतं का हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल ब्रिटनच्या बाजूने. म्हणजे नाशिकमध्ये सुरू झालेल्या प्रकरणाचा एक धागा हेगपर्यंत पोचला. नकाशावर ही रेघ काढायची: नाशिक, मुंबई, ठाणे, मार्सेय, हेग. मुलगी म्हणते कागद पुरणार नाही. घडी उलगडणारा नकाशा करू.

आणि एक मुद्दा काकांचा, जो माझ्या नजरेतून सुटला होता. जॅक्सन कलेक्टर होता, म्हणजेच जिल्हा दंडाधिकारीही. सारा वसूल करणारा तोच, पोलिसांच्या डोक्यावर तोच, आणि बाबारावांचं प्रकरण सत्र न्यायालयाकडे पाठवणाराही तोच. हे हात वेगळे व्हायला फार वर्षं लागली. मुंबई राज्याने १९५१ मध्ये त्यासाठी कायदा केला, देशभर ते १ एप्रिल १९७४ पासून नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने झालं. काका म्हणाले, "ही एक ओळ मोठ्या टाइपात घ्या. पोरांना वाटतं हे पहिल्यापासून असंच होतं."

१५ फेब्रुवारी, रविवार

आज रुमाल सोडला.

रुमाल म्हणजे दप्तराचं जाड कापड, त्यात कागद बांधून ठेवतात. हा कोर्टाचा नाही, आमच्या घरचा. आजोबांनी १९५३ मध्ये नाशिकच्या दिवाणी कोर्टात विहिरीच्या पाण्याच्या पाळीसाठी चुलतभावावर दावा लावला होता, त्याच्या नकला. आमचं गाव निफाड तालुक्यात. आत्याच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत रुमाल होता, तिने काही न विचारता माझ्या हातात दिला.

काकांनी जमिनीवर पांढरी चादर अंथरली. गाठ नखाने सोडली, कात्री लावू दिली नाही. वास आला: जुनी खळ, धूळ आणि कडुनिंबाचा वाळका पाला. सगळ्यात वर निशाणी १, दावा. कोर्टात निशाणी म्हणजे कागदाला दिलेला क्रमांक. मग निशाणी ५. मी हसून काकांकडे पाहिलं, तेही हसले. आमच्याकडे निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज, आजही पक्षकार विचारतात, "ताई, निशाणी पाचचं काय झालं?" त्र्याहत्तर वर्षांपूर्वी आजोबांनीही कुणाला तरी हाच प्रश्न विचारला असणार.

पण जीव अडकला तो रोजनाम्यात. आखीव कागद, डावीकडे तारीख, उजवीकडे त्या दिवशी काय झालं. मी मोठ्याने वाचत गेले. वादी हजर. प्रतिवादी गैरहजर, समन्स बजावलं नाही. पुढील तारीख. वादी हजर. प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज, मंजूर, खर्च एक रुपया. वादी हजर. साहेब रजेवर. तहकूब. वादी हजर. साक्षीदार हजर, वेळेअभावी साक्ष नाही. मी मोजलं, एकूण एकतीस तारखा आणि तीस वेळा "वादी हजर". जी एक तारीख चुकली तिथे लिहिलंय: वादीतर्फे अर्ज, आई मयत झालेबाबत.

काकांनी चष्मा काढून पुसला. मी थोडा वेळ पुढचं पान उलटलं नाही.

कसबे सुकेण्याहून गाडी, नाशिकरोडला उतरायचं, तिथून टांगा, मग त्या पायऱ्या. तीस वेळा, आणि जाऊन-येऊन दिवसाची मजुरी बुडालेली.

शेवटी निकाल नाहीच. तडजोड. दोन्ही भावांच्या सह्या, पाळीचे वार लिहिलेले. साक्षीदाराने मोडीत सही केलीय आणि वर विहिरीचं नाव मोडीतच, पण सुरुवातीची अक्षरं वाळवीने खाल्ली आहेत. उरलंय ते "राची विहीर". मी लगेच म्हटलं, उंबराची असणार. काका म्हणाले, "असणार, म्हणजे माहीत नाही. नियम काय ठरला होता? जे वाचता येत नाही ते छापायचं नाही." फलक ९ वर टिंबं देऊन "…राची विहीर" असंच घेतलंय.

फलक ९ आकाराने सगळ्यात मोठा. टिळक आणि कान्हेरे यांच्या फलकांपेक्षा मोठा ठेवला म्हणून कोणी बोलेल. बोलू दे.

२२ फेब्रुवारी

त्याच दाव्याच्या पहिल्या पानावर कोर्ट फीचा स्टॅम्प आहे. मुलीने भिंग धरून त्यावरच्या बारीक रेघांचं चित्र काढलं. आणि मग काकांनी सहज सांगितलं, "हा कुठे छापला माहितेय ना? नाशिकरोडला."

खरंच. १९२५ पासून नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये टपाल तिकिटं, कोर्ट फीचे स्टॅम्प, मुद्रांकाचे कागद छापले जातात. त्याआधी ते विलायतेहून येत. म्हणजे लाहोरचा दावा असो की मद्रासचा, त्यावर डकवलेलं तिकीट आपल्या गावच्या कामगाराच्या हातून गेलेलं. माझ्या अशिलांतले कित्येक जण 'प्रेसवाले' म्हणून ओळखले जातात, तीन-तीन पिढ्या तिथे. देशभरच्या न्यायाच्या कागदावर नाशिकचा ठसा आहे, आणि ही गोष्ट नाशिकच्या इतिहासाच्या भाषणांत मी कधी ऐकली नाही.

आजोबा नाशिकरोडला गाडीतून उतरायचे, जवळच तो छापखाना. मग शहरात येऊन तेच तिकीट विकत घ्यायचे. हे फलक ९ च्या खालच्या पट्टीत बसवलंय.

२ मार्च, सोमवार

१९३० मध्ये याच तारखेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. सकाळी कोर्टाआधी पंचवटीत जाऊन आले. मंदिराचा पूर्व दरवाजा, पाखरं, फुलवाल्या. थोडा वेळ उभी राहिले.

डॉ. आंबेडकरांचं नेतृत्व आणि नाशिकला उभं राहून तो लढवणारे दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव, म्हणजे दादासाहेब गायकवाड. दरवाजे बंद केले गेले, जमावबंदीचे हुकूम निघाले, दगडफेक झाली, सत्याग्रहींना अटका आणि शिक्षा झाल्या. कोर्टाच्या इतिहासात हे कुठे बसतं? मला वाटतं अगदी मधोमध. ज्यांना देवळाचं दार बंद होतं, त्यांच्यासाठी दंडाधिकाऱ्याचं दार उघडं होतं ते फक्त आरोपी म्हणून.

याच्या शेजारी महाडचा दावा ठेवलाय. चवदार तळ्यावर अस्पृश्यांनी येऊ नये म्हणून सवर्णांनी दिवाणी दावा केला, प्रतिवादी आंबेडकर. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाचा निकाल, १९३३ मध्ये ठाण्याचा, आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा, तिन्ही आंबेडकरांच्या बाजूने. वादींना वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचं सिद्ध करता आलं नाही, यावर निकाल झाला. मी हे विद्यार्थ्यांना नेहमी समजावते: कोर्टाने समतेचं तत्त्व सांगितलं नाही, पुरावा मागितला, आणि रूढीकडे पुरावा नव्हता. तोपर्यंत दहा वर्षं गेली होती. त्या मधल्या काळात, १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये, आपल्याच जिल्ह्यात येवल्याला आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई इलाख्यात १९४७ मध्ये झाला.

या फलकावर आम्ही तिघं सगळ्यात जास्त बसलो. काकांनी एक वाक्य चार वेळा बदललं.

८ मार्च, रंगपंचमी

जुन्या गावात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडल्या. दुपारपर्यंत काम नाही, सगळे रंगलेले. संध्याकाळी नकाशाचा शेवटचा भाग केला.

नागपूर: १९३६ मध्ये स्वतंत्र हायकोर्ट, मेडने आखलेली घुमटाची इमारत जानेवारी १९४० मध्ये उघडली, आता खंडपीठ. मराठवाडा: १९५६ पर्यंत हैदराबादच्या हायकोर्टाखाली, औरंगाबादला १९८१ मध्ये न्यायासन. कोल्हापूर: गेल्या ऑगस्टमध्ये, कित्येक वर्षांच्या वकिलांच्या आंदोलनानंतर. यातल्या प्रत्येक ठिकाणी लोकांची मागणी एकच होती, कोर्ट जवळ आणा. भाषेचंही तेच. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी ठरली, तरी निकाल इंग्रजीत लागतात आणि पक्षकार मला विचारतो, "ताई, यात काय लिहिलंय?" मी गेली काही वर्षं दावे मराठीतच दाखल करते.

१७ मार्च

फलक छापून आले आणि पाच फलक परत पाठवावे लागले. जोडाक्षरं फुटली होती. 'न्यायालय'चं 'न्‌यायालय', 'वकीलपत्र'चं 'वकीलपत्‌र', आणि फलक ६ वर १९०९ चं १९९०. छापणाऱ्याने सांगितलं, फाँट बदलला गेला, एवढं कोण बघतं. मला राग आला आणि तो मी लपवला नाही. ज्यांनी त्या तारखेला जन्मठेप भोगायला सुरुवात केली त्यांची तारीख बरोबर असली पाहिजे. तीन दिवस गेले, वर्गणीतले पैसेही गेले. आता छापण्याआधी प्रत्येक फलक काका उलटा, शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत वाचतात. कोर्टात नक्कल तपासताना ते असंच करत.

११ एप्रिल, शनिवार

फलक लागले. सकाळी नऊपासून आम्ही तिघं खिळे आणि दोरी घेऊन. पायरीचा फलक दारातच. दोन शिपाई थांबले, एकाने फूटपट्टीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि मागे वळून खऱ्या पायरीकडे पाहिलं.

दुपारी आत्या आली. गुडघे दुखतात, तरी रिक्षातून उतरून हळूहळू चढली, मधूनच. सरळ फलक ९ पाशी गेली. रोजनामा बोटाने ओळीओळीने वाचला, ओठ हलत होते. "आई मयत झालेबाबत" पाशी बोट थांबलं. "माझी आजी," म्हणाली. आजोबांना ती भाऊ म्हणते. "त्या दिवशीसुद्धा भाऊ निघालेच होते. डबा बांधून झाला होता."

मग ती तडजोडीच्या कागदाकडे वळली.

"हे टिंबं टिंबं काय?"

"वाळवीने खाल्लंय गं, वाचता येत नाही. उंबराची असेल असं वाटलं होतं."

"उंबर कुठला? खैराची विहीर ती. कडेला खैर होता, मी चौथीत असताना वादळात पडला. त्याच्या लाकडाचं मुसळ अजून माझ्याकडे आहे."

काका पुढे आले. भिंग लावून मूळ कागद पुन्हा पाहिला, वाळवीच्या कडेला शिल्लक असलेली मोडीची वरची वळणं बोटाने हवेत गिरवली. "जमतंय," म्हणाले. "खै बसतोय तिथे." मग आत्याला म्हणाले, "ताई, तुमची साक्ष लिहून घेऊ का?"

आत्याने सही केली. फलक ९: टिंबांच्या जागी चिठ्ठी लावली, खैराची विहीर. खाली बारीक अक्षरात, वादीच्या मुलीच्या सांगण्यावरून, ११ एप्रिल २०२६. नवीन छपाईला सोमवारी द्यायचं. तोवर मालेगावच्या कॉलेजला फोन करून जूनची तारीख पक्की करायची आहे.